उष्टी पत्ती

"अगं, उष्टी देतेस काय मला?"

पंडितजींनी हात मागं घेतला. इतक्या झटक्यात की कपाला धक्का लागला आणि चहा सांडला. बशीतल्या करंज्यांवर. माझा हात तसाच पुढं. तळहातावर पत्ती. सनईच्या तोंडाला लावतात ती, ताडाच्या पानाची, दोन पेरांएवढी. माझ्या थुंकीनं ओली.

शेजारच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, "ई गं!"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मंडळाचे अध्यक्ष हसले, त्यांचा मोबाईलवर शूटिंग करणारा जाकीटवाला जावई हसला. पंडितजींच्या शिष्यानं खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि त्यांच्या हातावर दोनदा दाबली. पंडितजींनी पत्तीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तरी हात चोळले. दोन्ही. पार मनगटापर्यंत.

"इन्फेक्शन होतं बाई अशानं," त्या बाई मला म्हणाल्या. लहान पोराला सांगतात तशा.

पंडितजी त्यांना म्हणाले, "असू दे हो. या लोकांना कळत नाही."

या लोकांना.

दिवाळीचा पाडवा होता. सकाळचे साडेआठ वाजले होते. रत्नागिरीतल्या एका सभागृहाची मागची खोली. पंडितजींच्या सनईची पहाटेची मैफल नुकतीच संपली होती, फराळ चालला होता. मी आयेची जरीची साडी नेसले होते, केसात अबोली माळली होती. देवाला जाताना तयार होतात तशी तयार होऊन गेले होते मी. जळ्ळं मेलं ते तयार होणं.

आता मी असं का केलं ते सांगते. मी वेडी नाही. घाणेरडी तर नाहीच नाही.

आम्ही वाजंत्री. गुहागर तालुक्यातलं आमचं गाव, खाडीच्या पलीकडचं. पिढ्यान् पिढ्या देवळात सनई वाजवायची, लग्नात वाजवायची. आमच्या सनईशिवाय मंगल काही होत नाही आणि आम्ही मात्र मांडवाच्या बाहेर. जमिनीवर. घोंगडीवर. मी नऊ वर्षांची असल्यापासून बाबांच्या मागं बसून सूर धरायचे. म्हणजे दुसरी सनई तोंडाला लावून एकच स्वर सलग ओढत राहायचा, श्वास न तोडता. गाल फुटायला येतात. मांडवात पंगती उठायच्या, जिलबीचा वास यायचा, आणि आम्ही वाजवत. सगळ्यांची जेवणं झाली की मग आमची पानं. चहाचे पेले आमचे वेगळे, पडवीच्या वळचणीला खोचलेले. आता कागदी कप आले. सगळ्यांचीच सोय झाली. पेला वेगळा ठेवायला नको आणि वेगळा ठेवत होतो असं म्हणायलाही नको.

तर आमच्यात एक रीत आहे. कोरडी पत्ती कुणाच्या हातात द्यायची नाही. देणाऱ्यानं ती आधी आपल्या तोंडात धरायची, भिजवायची, एकदा फुंकून बोलती करायची आणि मग द्यायची. घेणाऱ्यानं ती तशीच तोंडाला लावायची. पुसायची नाही. कोरडी पत्ती देणं म्हणजे तुझी सनई मुकी होऊ दे असं म्हणणं. भांडण झालेल्या भावाला देतात कोरडी. बाकी आजा नातवाला ओली देतो, सासरा जावयाला ओली देतो. आमच्यात याहून मोठा मान नाही.

मी पंडितजींना मान दिला होता. आमच्यातला सगळ्यात मोठा.

आणि त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. तिथंच तर सगळं आलं.

पंडितजी आमचे. आमच्या वाडीतले. आमच्या घराच्या मागच्या बाजूला त्यांच्या घराचा चौथरा अजून आहे, त्यावर आता आये शेणी थापते. दत्तू त्यांचं नाव. बापूस लहानपणीच गेला. माझ्या आज्यानं दोघांना एकत्र शिकवलं, बाबांना आणि दत्तूला. दोघं देवळाच्या बाहेरच्या ओट्यावर बसायचे. दत्तू वाजवायचा, बाबा सूर धरायचे. बाबा म्हणतात, "मला तेवढंच यायचं गो. तो मात्र वेगळाच." मग मुंबईच्या कुणा बड्या माणसानं उत्सवात त्याला ऐकलं आणि घेऊन गेला. दत्तूनं आडनाव बदललं. पुढं पंडितजी झाला. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. वर जाणाऱ्यानं जावं की. बाबांना तर केवढा आनंद.

पत्त्या मात्र आमच्याच. वर्षाला दोन डब्या, गणपतीला एक आणि शिमग्याला एक, बाबा बांधून पाठवायचे. ताडाचं कोवळं पान आणायचं, वाफवायचं, महिनोन् महिने सावलीत सुकवायचं, दुमडून दोऱ्यानं नळीला बांधायचं, काचेच्या तुकड्यानं हलक्या हातानं खरवडायचं. आणि प्रत्येक पत्ती तोंडात धरून फुंकून बघायची. पन्नास केल्या तर सात चांगल्या. त्या सात दत्तूला जायच्या. उरलेल्यांवर बाबा वाजवायचे.

मी आंब्याच्या सीझनला कॅनिंगच्या कारखान्यात जाते. आठ-आठ तास आंबे सोलायचे. हाताला चीक लागून कातडी सोलवटते. तेव्हा मोबाईलवरून कानात पंडितजींची सनई. त्यांची एक-एक जागा मला पाठ. घरी आले की दार लावून घ्यायचे आणि बाबांच्या सनईवर ती काढायचे. दार लावून, कारण आमच्यात मुलीनं सूर धरला तर चालतं, सनई धरली तर नाही. असले आम्ही. आमच्या खालीही एक पायरी आम्ही करून ठेवलीय. बाबांना ऐकू जायचं. ते काही बोलायचे नाहीत.

लग्नाला हल्ली आम्हाला फारसं कुणी बोलवत नाही. पंडितजींची सनई मोबाईलवरून स्पीकरला जोडतात, झालं काम. ती वाजली की मी आयेला म्हणायचे, "ऐक, आपला माणूस वाजतोय." आमच्या पोटावर पाय देऊन तो वाजत होता आणि मी अशी खूश. काय म्हणावं मला!

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. फुंकर ओठातून निसटते. तेव्हापासून पत्त्या मी करते. पंडितजींना कळवलं नाही. बाबाच म्हणाले, "नको सांगूस. उगाच त्याचं मन खट्टू होईल." मी केलेली पहिली डबी पाठवली. शिष्याचा फोन आला, "पंडितजी म्हणतात, हल्लीच्या पत्त्या फार गोड आहेत." त्या दिवशी मी आणि आयेनं शिरा केला.

मग ही मैफल ठरली. रत्नागिरीत, इतक्या वर्षांनी. बाबांना नेणं शक्य नव्हतं. फेरीबोटीत चढवायचं कसं, उतरवायचं कसं? मला बोलावून म्हणाले, "तू जा. डबी हातात दे त्याच्या. आणि एवढंच विचार, दत्तू, पत्ती बरी लागते काय? तो काय बोलतो ते मला येऊन सांग." बोलताना लाळ गळत होती, डाव्या हातानं पुसत होते. एक शब्द हवा होता त्यांना. फक्त एक. पन्नास वर्षं दुसऱ्यासाठी पत्त्या केलेल्या माणसाला दुसरं काय हवं असणार?

आदल्या दिवशी मावशीकडं उतरले. पहाटे साडेपाचला सभागृहात शेवटच्या रांगेत. पंडितजी आले. रेशमी झब्बा, केस पांढरेशुभ्र. सनई ओठाला लावली आणि पहिला स्वर लागला. मी ओळखला. स्वर नाही, पत्ती. ती थोडी डावीकडं खरवडली गेली होती माझ्याकडून, त्यामुळं वरच्या स्वराला जरा हसल्यासारखी वाजते. माझी पत्ती. चारशे माणसं माझ्या पत्तीला माना डोलावत होती. मी रडले. साडीच्या पदरात तोंड घालून रडले.

मध्ये ते बोलले. कोकणाबद्दल, लाल मातीबद्दल. म्हणाले, "लहानपणी आमच्या गावच्या देवळाच्या पायरीवर बसून मी सनई ऐकायचो. तिथं हा संस्कार झाला."

ऐकायचो.

मी सावरून बसले. ऐकायचो? वाजवायचा ना तू! ओट्यावर बसून, पावसाची झड अंगावर घेत, मांडीखाली फाटकी घोंगडी घेऊन वाजवायचा. माझा बाप तुझ्या मागं गाल फुगवून बसायचा. पण मीच मनाची समजूत घातली. स्टेजवर काय सगळं सांगतात? एवढा मोठा माणूस, राहिलं असेल. माणूस आवडला की आपणच त्याचा वकील होतो.

मग ती मागची खोली. शिष्य आत सोडत नव्हता. पत्त्यांची डबी दाखवली तेव्हा सोडलं. मी वाकून नमस्कार केला, बाबांचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. पंडितजींचा चेहरा क्षणभर हलला. अगदी क्षणभर. मग म्हणाले, "हो का? छान, छान." आणि त्या बाईंकडं वळून, "हे आमचे पत्त्या पुरवणारे."

बाबांचा प्रश्न जिभेवर होता. पण आधी मान द्यायचा, मग बोलायचं. मी डबी उघडली. सातातली सगळ्यात चांगली पत्ती घेतली, तोंडात धरली, भिजवली, एकदा फुंकली. पीं करून बोलली ती. तळहातावर ठेवून पुढं केली.

पुढचं सांगितलंच आहे.

मी डबी घेऊन बाहेर आले. मागच्या जिन्यानं खाली, जिथं स्कूटर लावतात तिथं. ती ओली पत्ती मुठीत होती. मी फेकलीसुद्धा नाही. कशी फेकणार?

पाच-दहा मिनिटं झाली असतील. जिन्यावर पावलं वाजली. पंडितजी. एकटेच. खाली येऊन आधी मागं वळून बघितलं, मग इकडं तिकडं बघितलं. आणि बोलले. खरं सांगते, मी दचकले. कारण ते आमच्या बोलीत बोलले.

"गो बाय, रागावलीस काय गो?"

मी डबी छातीशी धरली.

"चार माणसांत असं करायचं नाय. ही माणसं वेगळी. त्यांना आपलं काय कळतंय?" मग आणखी जवळ आले. हाताला अजून त्या सॅनिटायझरचा वास. "बापूस बरा हाय ना? त्याला सांग, हात अजून तसाच हाय तुझा. हल्लीच्या पत्त्या तर लय ग्वाड. दे, डबी दे हकडं. पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम हाय माझा."

आपलं. आता आपलं.

वर या लोकांना, आणि जिन्याखाली आपलं. वर उष्टी, आणि स्कूटरच्या आडोशाला ग्वाड. बाबांनी जो शब्द मागितला होता तो मला मिळाला होता. चोरीच्या मालासारखा, अंधाऱ्या जिन्याखाली. तोंडावर केलेल्या अपमानानं मला एवढं लागलं नव्हतं. त्याला रीत माहीत नसती तर मी माफ केलं असतं. त्याला सगळं माहीत होतं. त्याची जीभसुद्धा काही विसरली नव्हती.

माझं डोकं फिरलं. मी मोठ्यानं बोलले. "बाबांचा हात दोन वर्षं हलत नाही. तोंड वाकडं झालंय त्यांचं. पत्त्या मी करते. माझ्या तोंडात भिजवून, माझ्या तोंडानं फुंकून. दोन वर्षं माझंच उष्टं तुमच्या तोंडात आहे. आत्ता मैफलीत वाजवलीत तीसुद्धा माझीच."

त्यांनी ओठांवरून हात फिरवला. आपसूक. मी बघितलं ते. माझ्या डोळ्यांदेखत पुसलं त्यांनी तोंड.

"हळू बोल गो," म्हणाले.

मी मूठ उघडली. "चला वर. त्या बाईंसमोर ही घ्या. माझ्या हातातून, ओली. मग अख्खी डबी तुमची."

त्यांनी पत्तीकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. हात जरासा उचललाही. मला वाटलं, घेतील. अजून वाटत होतं मला! तेवढ्यात वरून हाक आली, "पंडितजी, फोटो!"

"आलो, आलो," ते म्हणाले. आवाज बदलला, भाषा बदलली, पाठसुद्धा ताठ झाली. मला म्हणाले, "आपण फोनवर बोलू." आणि जिना चढून गेले. बाबांची तब्येत कशी आहे हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी डबी दिली नाही.

फेरीबोटीत उभी होते, डोक्यात एकच विचार चालला होता. घरी काय सांगू? खोटं बोलायचीही गरज नव्हती. पंडितजींचेच शब्द होते, जसेच्या तसे. दत्तू म्हणाला, हात अजून तसाच आहे तुझा. एवढं सांगितलं असतं की बाबांनी त्यावर उरलेलं आयुष्य काढलं असतं.

घरी पोचले तर बाबा खाटेवर बसलेले. आयेकडून धुतलेला सदरा घालून घेतला होता. मी दारात चपला काढतेय तोच, "काय म्हणाला दत्तू?"

मी सगळं सांगितलं. करंज्यांवरचा चहा, ई गं, सॅनिटायझर, जिना, सगळं. गाळलं काही नाही. माझ्या बापाला गोड खोट्यावर जगवायचं म्हणजे मीसुद्धा त्याला वळचणीचा पेला देण्यासारखं झालं असतं.

बाबांनी डाव्या हातानं सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाले, "दे गो त्याला डबी. त्याचा कार्यक्रम अडेल."

"अडू दे!" मी ओरडले. बापावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "आपलं अडलं तेव्हा कोण आलं? मांडवाबाहेर आपण, ओट्यावर आपण, आणि त्याचं अडू नये म्हणून रात्रंदिवस घासायचं पण आपणच? तुम्ही सूर धरलात म्हणून तो पंडित झाला. आणि तो सांगतोय, मी ऐकायचो."

आये चुलीपाशी बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "त्याच्या आवशीनं पहिली पत्ती आपल्या तोंडात भिजवून दिलीन त्याला. माझ्या म्होरं, मी पण ह्याच वाडीतली पोर. ती पण उष्टीच काय?"

बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. जेवले नाहीत त्या दिवशी. अजूनही माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी त्यांचा दत्तू काढून घेतला असं त्यांना वाटतं. वाटू दे. माझाही काढून घेतलाय. कानातली ती सनई मी बंद केली; पुढच्या सीझनला कारखान्यात आठ-आठ तास नुसता आंब्याच्या सालींचा आवाज ऐकला मी.

त्या पाडव्यानंतर शिष्याचे फोन आले. तीन वेळा. मी उचलले नाहीत. मग तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी पंडितजींचा स्वतःचा आला. आवाज एकदम मऊ. कार्यक्रम तोंडावर आलाय म्हणाले. दुसऱ्या कुणाच्या पत्त्या लागत नाहीत म्हणाले. शेवटी म्हणाले, "बरं, ओली दे. मी गावात येतो पाहिजे तर. घरात घेतो तुझ्या हातातून."

घरात. दार लावून.

"नाही," मी म्हणाले. "पत्त्या शिल्लक नाहीत. सातच्या सात मला लागतात. मी वाजवते आता."

"तू?" ते म्हणाले. आणि हसले. त्या खोलीत सगळे हसले होते तसंच.

मी फोन ठेवला.

संध्याकाळी देवळासमोर सगळा गाव जमला होता. तुळशीला हिरवा चुडा, उसाचा मांडव, शेजारी रोवलेली दिंड्याच्या झाडाची काठी. स्पीकर लावलेला, त्यावर दत्तूची सनई. मी बाबांची सनई घेऊन गेले. आमच्या ठरलेल्या ओट्यावर गेले नाही. पुजारी उभा राहतो त्याच्या शेजारी, वृंदावनाच्या पुढ्यात, खुर्ची ओढून बसले. पोरींनी तोंडं दाबली. आमच्याच वाडीतला एक काका म्हणाला, "उठ गो, लाज नाय काय?" गावचे मानकरी म्हणाले, "तुमची जागा तिकडं."

"माझी जागा इथंच," मी म्हणाले. "तो स्पीकर बंद करा."

कुणी हललं नाही. मी डबी उघडली. ती पत्ती काढली, पंडितजींनी न घेतलेली. सगळ्यांच्या समोर तोंडात धरली. सावकाश भिजवली. कुणाला किळस आली असेल तर त्यांनी तोंड फिरवावं.

स्पीकर वाजत होता. मी त्याच्याहून मोठ्यानं वाजवलं.